घराच्या चित्राला पत्ता हवा

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बंगला बांधायला निघालेला माणूस आज पाया खणण्याआधी एक चित्र हातात घेतो. इंजिनिअरच्या ऑफिसात त्याला ‘थ्रीडी’ म्हणतात, कुठे ‘एलिव्हेशन’ म्हणतात. प्लॅनच्या रेघा घरातल्या सगळ्यांना वाचता येत नाहीत, पण हे चित्र आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळते. त्यामुळे निर्णय त्याच्यासमोर बसूनच होतात. काचेचे रेलिंग की स्टीलचा कठडा, पुढच्या भिंतीला दगडी क्लॅडिंग की टेक्सचर पेंट, रंग राखाडी की बदामी, सगळे तिथेच ठरते. पुण्या-मुंबईत तर माणूस अशाच चित्राच्या भरवशावर वीस-वीस वर्षांचे कर्ज अंगावर घेतो. घर त्याने पाहिलेले नसते, कारण ते अजून उभेच राहिलेले नसते. त्याने पाहिलेले असते ते चित्र.

एवढा भार ज्याच्यावर आहे ते चित्र बहुतेक वेळा खरे मात्र वाटत नाही. सुंदर असते, चकचकीत असते, पण बघताक्षणी कळते की हे संगणकाने काढलेले आहे. असे का होते, याला धंद्यातले ठरलेले उत्तर आहे: आणखी भारी ग्राफिक्स कार्ड घ्या, नवे सॉफ्टवेअर शिका, जास्त बारकाव्याची टेक्सचर वापरा. मला हे उत्तर मान्य नाही. ही चित्रे खोटी दिसतात, कारण त्यांना पत्ता नसतो. आपण कुठल्या अक्षांशावर उभे आहोत, महिना कोणता चालू आहे, इथे पाऊस कुठून आणि किती येतो, शेजारी कोण राहते, यातले काहीच त्या घराला ठाऊक नसते. उणीव आहे ती निरीक्षणाची, आणि निरीक्षण कुठल्याही सॉफ्टवेअरसोबत मिळत नाही.

यंत्राला दोष देता येत नाही, याला इतिहासाचा आधार आहे. १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी प्रकाशकिरणांचा माग काढून आरसे, काच आणि सावल्या चितारण्याची पद्धत मांडली. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीत भिंतींची एक साधी पेटी घेतली आणि एका भिंतीवर पडलेला उजेड तिचा रंग घेऊन दुसऱ्या भिंतीवर कसा सांडतो, याचे गणित केले. त्यांचे संगणकचित्र खऱ्या पेटीशी ताडून पाहिले गेले. पुढे अशाच एका प्रयोगात खरी पेटी आणि तिचे संगणकचित्र कॅमेऱ्यातून शेजारी शेजारी दाखवले, तेव्हा पाहणाऱ्यांना खरे कोणते हे खात्रीने सांगता आले नाही. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या सगळ्या येण्याजाण्याला एकाच समीकरणात बसवले. आजचे जवळपास प्रत्येक वास्तवदर्शी रेंडरिंग, म्हणजे संगणकाने काढलेले चित्र, त्या समीकरणाची कमी-अधिक अचूक उकल असते. त्या काळी एका चित्राला लागणारा वेळ आणि पैसा सामान्य वास्तुविशारदाच्या आवाक्याबाहेर होता. आता ब्लेंडरसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ते हेच गणित सोडवते. थोडक्यात, उजेड कसा वागतो हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी तत्त्वतः सुटला. कोणता उजेड, हा प्रश्न मात्र प्रत्येक चित्रकाराला प्रत्येक घरापाशी नव्याने सोडवावा लागतो.

सूर्यापासून सुरुवात करू. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला, भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणून शाळेतली मुले तो अंगणात काठी रोवून पाहतात. या दोन तारखांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. युरोपातल्या घराच्या वाट्याला हे कधीच येत नाही. तिथला सूर्य भरउन्हाळ्यातही दुपारी दक्षिणेलाच राहतो आणि सावल्या लांब पडतात. आता आपल्याकडची चित्रे पाहा. ऊन नेहमी एका बाजूने, तीस-चाळीस अंशांवरून, सोनेरी रंगाचे. हे ऊन सॉफ्टवेअरसोबत आलेले असते, किंवा कुठल्या तरी तयार आकाशाच्या फाइलमधून उचललेले असते. चित्रकाराने उत्तर दिशाही नीट लावलेली नसते. घराचे तोंड उत्तरेला असले तरी डिसेंबरातल्या दुपारी पुढच्या भिंतीवर लख्ख ऊन दाखवलेले असते, जे तिथे तेव्हा पडणारच नाही.

याने काय बिघडते, हे एका छज्ज्यावरून पाहता येईल. पुण्यातल्या घराची दक्षिणेकडची भिंत आणि खिडकीवर दीड फुटाचा छज्जा, एवढेच समजा. डिसेंबरच्या अखेरीला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणून त्या छज्ज्याची सावली भिंतीवर जेमतेम पावणेदोन फूट उतरते. खिडकीचा खालचा भाग उन्हात राहतो, आणि थंडीत तेच हवे असते. एप्रिलच्या मध्याला तोच सूर्य ८१ अंशांवर चढलेला असतो आणि तीच सावली साडेनऊ फुटांपर्यंत पोचते. अख्खी खिडकी सावलीत जाते. त्या छज्ज्यामागचा सगळा विचार या दोन आकड्यांमधल्या फरकात आहे. चित्रात ऊन चुकले की छज्जा नुसती एक आडवी पट्टी होतो, आणि ‘हा छज्जा काढून टाकला तर एलिव्हेशन मॉडर्न दिसेल’ असे म्हणायला घरमालक मोकळा होतो.

याच छज्ज्यापाशी आणखी थोडे थांबू. त्याच्या सावलीची कड सगळीकडे सारखी धारदार नसते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाहून किंचित मोठी दिसते. त्यामुळे सावली पाडणाऱ्या वस्तूपासून दर मीटरमागे सावलीची कड साधारण ९ मिलिमीटरने पसरत जाते, आणि उजेड भिंतीवर तिरका पडत असेल तर त्याहूनही जास्त. कडेला टेकलेली सावली सुरीने कापल्यासारखी आणि लांब गेलेली सावली विरघळलेली, हा फरक डोळा न सांगता टिपतो. दुसरे म्हणजे, उन्हाळ्यातल्या दुपारी ऊन भिंतीला खरवडत खाली उतरते. अशा उन्हात गवंड्याच्या थापीचा प्रत्येक फराटा आणि गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा दिसतो. सपाट म्हणून काढलेली भिंत खरी वाटत नाही, कारण सपाट भिंत आपण कोणी पाहिलेलीच नाही. तिसरे म्हणजे, छज्ज्याचा तळ काळा नसतो. अंगण तांबड्या मातीचे असेल तर त्या तळावर तांबूस झाक चढते, फरशी पांढरी असेल तर तो उजळ होतो. कॉर्नेलच्या पेटीत जे सिद्ध झाले तेच इथे रोज घडते. संगणकाला ते करता येते. फक्त अंगण कशाचे आहे, हे कोणीतरी त्याला खरे सांगितले पाहिजे.

काचेचेही तसेच आहे. चित्रात भरदिवसा खिडकीतून आतला सोफा, दिवा आणि भिंतीवरचे पेंटिंग स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात बाहेर लख्ख ऊन असेल तर उजेड लाखभर लक्सपर्यंत जातो आणि घरात खिडकीपासून थोडे आत गेले की तो काहीशेवर येतो. म्हणून दिवसा बाहेरून पाहिले तर खिडक्या काळसर दिसतात आणि त्यांच्यात आकाश नाहीतर समोरची इमारत उमटते. समोरून पाहिल्यास काचेच्या एका पृष्ठभागावरून जेमतेम ४ टक्के उजेड परत फिरतो. रस्त्यावरून मान वर करून अगदी तिरके, ८० अंशांच्या कोनातून पाहिले तर तेच प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे एकाच इमारतीत खालच्या मजल्याची काच पारदर्शक आणि वरच्या मजल्याची आरशासारखी दिसू शकते. शिवाय सरकत्या खिडकीची दोन तावदाने कधीच तंतोतंत एका पातळीत बसत नाहीत. एकात आकाश असते, दुसऱ्यात शेजारचे झाड. हा किंचित बेमेळ चित्रात आणला की घर एकदम उभे राहते.

साहित्याच्या बाबतीत दोन चुका सगळीकडे दिसतात. पहिली पांढऱ्याची. ताजा पांढरा रंगसुद्धा त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्केच परत फेकतो. नवी डांबरी सडक जेमतेम ५ टक्के फेकते. चित्रात भिंत शंभर टक्के पांढरी ठेवली की उजेड तिच्यावरून उड्या मारत राहतो, सावल्या धुऊन जातात आणि घर चपटे होते. दुसरी चूक कोपऱ्यांची. संगणकातल्या दोन भिंती एका गणिती रेषेत मिळतात. गवंड्याने धरलेला कोपरा तीन-चार मिलिमीटर तरी गोल असतोच, आणि त्या गोलाईवर उजेडाची एक बारीक रेघ चमकते. एवढ्याशा रेघेने घराला वजन येते. जांभ्या दगडाची भिंत काढताना एकाच चिऱ्याचा फोटो शंभर वेळा चिकटवला तर डोळा ती पुनरावृत्ती लगेच पकडतो. खऱ्या भिंतीत प्रत्येक चिऱ्याची भोके वेगळी असतात, आणि खाणीतून ताजा निघालेला चिरा आणि चार पावसाळे खाल्लेला चिरा यांचा रंगही एक नसतो.

पाऊस खाल्लेला चिरा म्हटले की आपण खऱ्या अडचणीपाशी येतो. आपल्याकडच्या घराचे बाह्यरूप मुख्यतः पाऊस ठरवतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास. मोसमी वारा पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून झड त्याच बाजूने लागते. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला नारळाचे झाप बांधायची रीत यातूनच आली. त्या बाजूची भिंत आधी काळवंडते. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवली नसेल तर पाणी तळाला चिकटून भिंतीपर्यंत येते आणि तिथून काळ्या रेघा उतरतात. खिडकीच्या पाटाची दोन्ही टोके भिंतीच्या बाहेर काढली नसतील तर टोकांखाली मिशांसारखे डाग पडतात. कठड्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता असेल तर गच्चीवरची सगळी धूळ पुढच्या भिंतीवर येते. जमिनीलगत दीड-दोन फुटांपर्यंत उडालेल्या चिखलाचा पट्टा असतो, पण पागोळ्यांखाली फरसबंदी केली असेल तर तो कमी असतो.

ही यादी मी मुद्दाम दिली, कारण हल्ली वास्तवाच्या नावाखाली चित्रांवर मळ शिंपडायची पद्धत आली आहे. तयार डागांची एक थर-प्रतिमा घ्यायची आणि भिंतीवर पसरायची. हा मळही तितकाच खोटा असतो, कारण त्याला कारण नसते. छज्ज्याच्या वर आणि खाली सारखाच डाग, आडोशाच्या भिंतीवरही तेवढेच शेवाळ. प्रत्येक डाग पाण्याच्या एका वाटेची नोंद असते. ती वाट समजून घेऊन डाग काढला तर चित्र खरे वाटते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तोच डाग वास्तुविशारदाला सांगतो की इथे एक खाच ठेवायची राहिली आहे. रेषेची दुरुस्ती चित्रात फुकट होते. बांधून झाल्यावर तिला परांची बांधावी लागते.

इमारतीचे भविष्य चित्रात पाहण्याचे धाडस आधी कोणी केले नाही असे नाही. लंडनमध्ये बँक ऑफ इंग्लंडची भव्य इमारत उभारणाऱ्या जॉन सोन यांच्यासाठी जोसेफ गँडी या चित्रकाराने १८३० मध्ये त्याच इमारतीचे भग्नावस्थेतले दृश्य रंगवले. आपली इमारत काळाच्या हाती गेल्यावर कशी दिसेल, हे पाहायची त्या वास्तुविशारदाची तयारी होती. आपण शतकांनंतरचे अवशेष दाखवायची गरज नाही. पाच पावसाळ्यांनंतरची भिंत दाखवली तरी पुरे.

काळासोबत घरात माणसे येतात आणि चित्रातून सर्वांत जास्त हद्दपार केली जातात ती त्यांची चिन्हे. घरासमोरची विजेची डीपी, तिच्यापासून आलेल्या तारा, मीटरची पेटी, गच्चीवरच्या टाक्या, सोलरच्या नळ्या, एसीचे बाहेरचे युनिट, सांडपाण्याचे पाइप, खिडकीची जाळी, वाळत घातलेले कपडे, तुळस, गळतीला कंटाळून गच्चीवर घातलेली पत्र्याची शेड. यातले काहीही अनपेक्षित नसते. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की टाकी लागणार आहे. तरी ती चित्रात नसते, म्हणून तिची जागाही ठरत नाही, आणि मग ती दर्शनी कोपऱ्यावर येऊन बसते. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी घरांची वसाहत आखली. प्रत्येक घर शेजाऱ्याच्या भिंतीपासून सुटे ठेवले, कारण कुटुंब वाढले की घर वाढवता यावे, हा मूळ विचार होता. रहिवाशांनी पुढे ती घरे वाढवली, बदलली, काहींनी पाडून नवी बांधली. ज्याने हे होणार असे आधीच धरले त्याच्या रेखाटनात माणसांना जागा होती. रिकाम्या, निर्मनुष्य घराचे चित्र काढणारा मात्र आराखड्यातला अर्धा प्रश्न सोडूनच देतो.

यावर आक्षेप येणार, आणि तो वजनदार आहे. चित्र विक्रीसाठी असते, गिऱ्हाइकाला स्वप्न हवे असते, डाग आणि टाक्या दाखवून कोण घर विकणार? शिवाय वास्तुचित्रकला ही कलाच आहे. जलरंगात पर्स्पेक्टिव्ह काढणारे जुने चित्रकारही रस्ते मोकळे आणि झाडे डेरेदार काढत. त्यांना कोणी खोटे म्हटले नाही.

पण जलरंगातले चित्र हे चित्र आहे, हे पाहणाऱ्याला दिसत असे. कागदाचा पोत आणि कुंचल्याचा ओघ स्वतःच सांगत असे की ही कल्पना आहे. रेंडर ही कबुली पुसून टाकतो. तो छायाचित्राची भाषा बोलतो, आणि छायाचित्र म्हणजे ‘हे असे होते’ अशी साक्ष, हे आपल्या डोळ्यांत दीड-पावणेदोन शतकांत मुरले आहे. साक्षीच्या भाषेत बोलायचे आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘कलात्मक चित्रण’ लिहून मोकळे व्हायचे, यात न्याय नाही. कायद्यालाही हे पुरते मान्य नाही. २०१६ च्या रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. म्हणजे चित्र हा शब्द देण्याचाच एक प्रकार आहे. समोरची चाळ पुसून तिथे हिरवळ दाखवली, तर भिंतीवरचा उजेड कितीही अचूक असो, ते चित्र वास्तवदर्शी म्हणता येणार नाही.

स्वप्नाबद्दल एवढेच म्हणेन की खरेपणाने घर कुरूप होते, ही समजूत निराधार आहे. चांगले घर खऱ्या उजेडात जास्त चांगले दिसते. जुलैतल्या ढगाळ दुपारी, सावल्या नसलेल्या मऊ उजेडात, ओल्या जांभ्याचा गडद रंग आणि त्याच्यावर कौलांच्या उताराची रेषा हे दृश्य कुठल्याही सोनेरी संध्याकाळपेक्षा उणे नाही. जे घर फक्त सोनेरी संध्याकाळी चांगले दिसते, त्याच्या आराखड्यातच काही कमी असते. ते झाकण्यासाठी चित्र वापरले की नुकसान राहणाऱ्याचे होते.

हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने कच्च्या रेखाटनावरून काही क्षणांत छायाचित्रासारखे घर तयार करतात. गिलाव्याचा पोत, काचेतले प्रतिबिंब, थोडासा मळ, सगळे त्यात असते. पण त्यामागे उत्तर दिशा नसते, तारीख नसते, वाऱ्याची बाजू नसते. असंख्य घरांच्या छायाचित्रांवरून शिकलेला तो एक सरासरी अंदाज असतो. खरे दिसणे इतके स्वस्त झाल्यावर चित्रकाराचे मोल उरते ते त्याच्या जाणकारीत. ही सावली इथेच का, हा डाग याच बाजूला का, याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याचे चित्र विश्वासाला पात्र ठरेल.

म्हणून चित्र काढणाऱ्यांकडून आणि ते मागणाऱ्यांकडूनही काही ठोस अपेक्षा कराव्यात असे मला वाटते. प्रत्येक चित्राखाली गाव, दिशा, तारीख आणि वेळ लिहावी. एका घराची निदान तीन चित्रे असावीत: मेमधल्या दुपारचे, जुलैतल्या पावसाळी दिवसाचे आणि बांधल्यानंतर पाच वर्षांनी दिसेल असे. ती सगळी रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेली असावीत, कारण ड्रोनच्या उंचीवरून घरी कोणी येत नाही. शेजारची घरे, तारा आणि झाडे प्रत्यक्ष जागेवर जाऊन टिपलेली असावीत. प्लॉटवर कडुनिंब असेल तर चित्रात कडुनिंबच हवा, परदेशी बागेतले झाड नको. टाकी, पाइप आणि एसी जिथे बसणार तिथेच दाखवावेत. आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला रेंडरिंगचे सॉफ्टवेअर शिकवण्याआधी एका भिंतीसमोर उन्हाळ्यात, पावसात आणि थंडीत उभे करून तिच्यावरचा उजेड वहीत नोंदवायला लावावा.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. लागतो तो प्लॉटवर जाण्याचा वेळ आणि घरमालकाला आवडणार नाही ते दाखवण्याची तयारी. ती तयारी फी ठरवतानाच बोलून घ्यावी, कारण चित्रावर विसंबून घर बांधणाऱ्या माणसाने त्या फीमध्ये सजावट विकत घेतलेली नसते, आपले घर आधी पाहण्याची संधी विकत घेतलेली असते. जे त्याला दिसणार आहे ते आधी दाखवणे, हीच या कलेची जबाबदारी आहे आणि तिचा खरा कसही तिथेच लागतो.